साचा, दट्ट्या आणि तरफ : हातानं चालणाऱ्या वीटयंत्रांविषयी

मातीला चौकोनी आकार देणं अवघड नाही. तो आकार न मोडता साच्याबाहेर काढणं अवघड आहे. ओली माती ज्या गुणामुळे साच्याच्या कानाकोपऱ्यांत भरते, त्याच गुणामुळे ती साच्याच्या भिंतींना धरून बसते. वीट पाडणाऱ्याला ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळते. वीट पाडणारं यंत्र बनवू पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती यंत्र तयार झाल्यावर कळली. हे पुस्तक अशा यंत्रांचं आहे : वाफ आणि वीज येण्याआधीची, आणि त्या आल्यानंतरही टिकून राहिलेली, एकदोन माणसांनी दांडा ओढून किंवा हँडल फिरवून चालवायची यंत्रं. त्यांना सरसकट दाबयंत्रं म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे त्यांची तुलनाही कुठलं यंत्र किती दाब देतं यावरच होते. मला ती तुलना अपुरी वाटते. दाब वाढवायचा तर तरफ लांब केली की बरंचसं भागतं. वीट अखंड बाहेर कशी काढायची, या प्रश्नाला मात्र प्रत्येक यंत्रानं आपापलं उत्तर शोधलं, आणि त्या उत्तरानंच त्याची बाकीची रचना ठरवली. पुढची प्रकरणं वाचताना वाचकानं हाच प्रश्न हाताशी ठेवावा.

यंत्राआधी हात समजून घ्यायला हवा. लाकडी साचा फार जुना आहे. सुमेरमधल्या लगशचा राजा गुदेआ यानं ख्रिस्तपूर्व २१०० च्या सुमारास देवळाची पहिली वीट स्वतः पाडली, याचं वर्णन त्याच्या मातीच्या दंडगोलांवर कोरलेलं आहे, आणि साच्यातून वीट नीट बाहेर आली याचा आनंद त्यात आवर्जून सांगितलेला आहे. ज्यानं कुणी ते लिहिलं, त्याला हे काम कुठे फसतं ते ठाऊक असावं. हडप्पा संस्कृतीतल्या विटांची उंची, रुंदी आणि लांबी १:२:४ या प्रमाणात सापडते. एवढं सातत्य साच्याशिवाय येत नाही. म्हणजे माप सांभाळण्याचं काम हातानं पाच हजार वर्षांपूर्वीच एका लाकडी चौकटीकडे सोपवलं होतं. बाकीची कामं मात्र त्यानं स्वतःकडे ठेवली.

ती कामं कोणती, हे आपल्याकडच्या कुठल्याही वीटभट्टीवर दिसतं. पाऊस सरून दिवाळी झाली की विटा पाडायला सुरुवात होते. आदल्या दिवशी माती भिजवून, तिच्यात राख किंवा भाताचं तूस मिसळून, पायांनी तुडवून गारा तयार ठेवतात. पाडणारा उकिडवा बसतो. साचा पाण्यातून काढतो किंवा आतून बारीक रेती भुरभुरतो, साच्यात मावेल त्याहून थोडा मोठा गोळा दोन्ही हातांनी उचलतो आणि जोरानं साच्यात आपटतो. बोटांनी कोपरे भरतो, वर उरलेला गारा पट्टीनं कापून बाजूला करतो, साचा सपाट जमिनीवर उलटा टेकवतो आणि अलगद, अगदी सरळ वर उचलतो. हे सगळं काही सेकंदांत होतं. यातलं आपटणं म्हणजे दाब देणं. गोळ्याचा वेगच मातीला कोपऱ्यात ढकलतो. गोळा हळू ठेवला आणि मग वरून कितीही चेपला, तरी कोपरे बोथट राहतात आणि आत हवा अडकते. पाणी किंवा रेती हे साचा आणि माती यांच्यातलं अंतर आहे. आणि सरळ वर उचलणं, मनगट तसूभरही न कलू देता, ही या कामातली खरी कारागिरी. या तीन क्रियांपैकी पहिल्या दोन यंत्राला लवकर जमल्या. तिसरी जमायला फार काळ गेला.

या कामाचा भार आकड्यांत मांडायला हवा, कारण कौशल्याचं कौतुक करताना तो विसरला जातो. नऊ इंच लांब, चार इंच रुंद, तीन इंच जाड अशी ओली वीट साधारण साडेतीन किलोची भरते. नवराबायको मिळून दिवसाला हजाराच्या आसपास विटा पाडतात. म्हणजे साडेतीन टन चिखल हातानं उचलला, आपटला आणि साच्यासकट पुन्हा उचलून मांडला गेला. हे उन्हात, उकिडव्यानं, पोरं आजूबाजूला असताना. ठाणे, पालघर, रायगड या भागांतल्या भट्ट्यांवर कितीतरी कातकरी कुटुंबं पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला हे काम करतात. मजुरी हजार विटांवर ठरते. हातयंत्रांच्या इतिहासाकडे जुन्या लोखंडाची आवड म्हणून पाहणं मला म्हणूनच पटत नाही.

इंग्लंडमध्ये हेच काम उभ्यानं, बाकावर चालायचं. तिथे दोन रीती होत्या. एका रीतीत साचा पाण्यात बुडवायचा, माती जास्त ओली ठेवायची आणि वीट साच्यासकट वाळवणीच्या जागेपर्यंत नेऊन तिथे सोडायची. दुसऱ्या रीतीत साच्याला रेती लावायची, माती थोडी घट्ट ठेवायची, आणि वीट बाकावरच साच्यातून काढून लाकडी फळीवर घ्यायची. दुसऱ्या रीतीत साच्याखाली बाकाला ठोकलेला एक लाकडी पाट असे. त्यावरचा उंचवटा विटेच्या पोटात खाच पाडी. खाचेमुळे माती कोपऱ्यांकडे सरकते आणि विटेतल्या जाड भागाचं वाळणं सोपं होतं. आपल्याकडे त्याच खाचेत भट्टीवाल्याची आद्याक्षरं उमटतात. पाडणाऱ्याच्या हाताखाली माती मळणारे, गोळा करून देणारे, विटा उचलून नेणारे असा सहाएक जणांचा ताफा असे, पुष्कळदा त्याच्याच घरातला, आणि त्यात लहान मुलंही असत. अशा ताफ्याकडून लांबलचक दिवसात तीन ते पाच हजार विटा पडत. एडवर्ड डॉब्सन या इंजिनिअरनं १८५० साली विटा आणि कौलं यांच्या धंद्यावर एक छोटेखानी पुस्तक लिहिलं. पुढे तो न्यूझीलंडला गेला आणि तिथल्या कँटरबरी प्रांताचा इंजिनिअर झाला. या विषयात पहिल्यांदा उघडावं असं पुस्तक आजही तेच, कारण त्यानं अवजारांबरोबर ती वापरणाऱ्या माणसांची कामंही लिहून ठेवली.

यंत्र बनवण्याची इच्छा नवी नव्हती. विटा पाडणाऱ्या यंत्राचं पेटंट इंग्लंडमध्ये जॉन एदरिंग्टन याला १६१९ सालीच मिळालं होतं. पण पेटंटच्या कागदावर यंत्राचा दावा असतो, त्याची मळलेली अवस्था नसते. त्यानंतरची दोन शतकं अशा दाव्यांनी भरलेली आहेत आणि भट्टीवर मात्र लाकडी साचाच राहिला.

पहिल्यांदा भट्टीवर ठामपणे पाय रोवला तो हातदाबानं, आणि तोही वेगळ्याच कामासाठी. हातानं पाडलेली वीट थोडी वाळली की तिच्या कडा किंचित वाकड्या होतात. भिंतीच्या दर्शनी भागाला अशी वीट चालत नसे. म्हणून अर्धवट वाळलेली वीट एका लोखंडी पेटीत ठेवून वरून आट्यांच्या किंवा तरफेच्या जोरानं दट्ट्या दाबत. कडा धारदार होत, पृष्ठभाग गुळगुळीत होई. मग पायाच्या पट्टीनं किंवा दुसऱ्या तरफेनं पेटीचा तळच वर उचलत, आणि वीट अलगद वर येई. एवढं सोपं उत्तर आधी का सापडलं नव्हतं? कारण ते ओल्या मातीला लागू पडत नव्हतं. ओली वीट खालून ढकलली तर ती वर येण्याऐवजी बसते, फुगते आणि भिंतींना आणखी घट्ट धरते. अर्धवट वाळलेल्या विटेत स्वतःला सावरण्याइतका कणखरपणा आलेला असतो. हातदाबानं दिलेला धडा हा होता की वीट सोडवण्याचा प्रश्न लोखंडात जेवढा आहे, तेवढाच मातीतल्या पाण्यातही आहे.

त्या पाण्याचा हिशेब इथेच सांगतो. अगदी मऊ गाऱ्यात वजनाच्या पाव भागाइतकं किंवा त्याहून जास्त पाणी असतं. असा गारा हाताच्या जोरानं भरतो, पण वाळताना खूप आटतो. नऊ इंची विटेसाठी साचा दहा इंची करावा लागायचा तो यामुळेच. घट्ट मळलेल्या मातीत पाणी पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतं. ती हातानं साच्यात भरत नाही, तिला यंत्राचा रेटा लागतो. आणि जेमतेम दमट मातीत दहा टक्क्यांच्या आगेमागे पाणी असतं. ती भुरभुरीत दिसते, पण भारी दाब मिळाला की एकसंध होते आणि जवळजवळ आटत नाही. पाणी जितकं कमी, तितका दाब जास्त हवा आणि तितकी वीट सुटायला सोपी. सगळी हातयंत्रं या तीनपैकी कुठल्या ना कुठल्या मातीसाठी बनलेली आहेत. एका प्रकारच्या मातीसाठी बनवलेलं यंत्र दुसऱ्या मातीवर चालवल्यामुळे जेवढी यंत्रं बदनाम झाली, तेवढी त्यांच्या दोषांमुळे झाली नसतील.

आता इतिहासातल्या एका विलक्षण वळणाकडे येतो. ब्रिटनमध्ये १७८४ साली विटांवर कर बसला : हजार विटांमागे अडीच शिलिंग. पुढे तो वाढत गेला. कर नगावर होता, म्हणून लोकांनी विटाच मोठ्या पाडायला सुरुवात केली. लेस्टरशरमधल्या मेशमच्या जोसेफ विल्क्स यानं पाडलेल्या दुप्पट आकाराच्या विटा तिथल्या भिंतींत अजून दिसतात. सरकारनं १८०३ मध्ये दीडशे घनइंचांहून मोठ्या विटेवर दुप्पट कर लावून ती वाट बंद केली. शिवाय मोजणी कच्च्या विटांची, त्या वाळत असतानाच होई. अधिकारी येऊन मोजेपर्यंत विटा एका ठराविक रीतीनं मांडून ठेवायच्या, अशा धंद्यात नवा आकार, नवी पोकळी, नवी पद्धत आजमावायला कोण धजणार? हा कर १८५० पर्यंत टिकला. विटांच्या यंत्रांना ब्रिटनमध्ये जो उशीर झाला, त्यात या कराचा मोठा वाटा आहे असं माझं मत आहे.

शेतातल्या पाण्याचा निचरा करायला जमिनीखाली घालायच्या कौलांचं मात्र वेगळं होतं. १८२६ मध्ये त्यांच्यावरचा कर उठला. अट एवढीच की प्रत्येकावर निचऱ्यासाठीच असल्याचा शिक्का हवा. १८३३ मध्ये सगळ्याच कौलांवरचा कर गेला. ओल्या, चिकणमातीच्या शेतांत अशी कौलं लाखांनी लागत होती. यंत्र बनवणाऱ्यांचं लक्ष तिकडे वळलं. ट्वीडेलच्या मार्क्विसनं १८३६ साली मातीची सलग पट्टी काढून तिला कमानीसारखं वळवणारं यंत्र पेटंट केलं. हाच गृहस्थ १८४२ ते १८४८ या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. जॉन रीड यानं १८४३ मध्ये डर्बीच्या शेतकी प्रदर्शनात गोल मातीचे नळ मांडले. १८४५ मध्ये श्रूजबरीच्या प्रदर्शनात थॉमस स्क्रॅग याच्या हातयंत्राला रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचं बक्षीस मिळालं. आणि १८४६ मध्ये पंतप्रधान पील यांच्या सरकारनं शेतांच्या निचऱ्यासाठी वीस लाख पौंडांची कर्जं खुली केली. गावोगावच्या कौलभट्ट्यांवर हातयंत्रं जाऊन पोचली.

या यंत्रांनी साच्याचा प्रश्न सोडवला तो साचाच काढून टाकून. लोखंडी पेटीत मळलेली माती ठासून भरायची, झाकण घट्ट बसवायचं आणि हँडल फिरवायचं. हँडलच्या चाकाचे दाते एका दातेरी पट्टीत अडकलेले, पट्टीच्या टोकाला दट्ट्या. तो पुढे सरकला की पेटीच्या दुसऱ्या तोंडाला बसवलेल्या पाटीच्या भोकातून माती अखंड बाहेर येते. दिवाळीत चकलीचा सोऱ्या फिरवलेल्या कुणालाही हे यंत्र समजावून सांगायला नको. बाहेर आलेली मातीची पट्टी कापड लावलेल्या लाटांवरून पुढे सरकते आणि बिजागरीवरच्या चौकटीत ताणलेल्या तारा तिचे सारख्या लांबीचे तुकडे करतात. नळ पोकळ हवा असेल तर भोकाच्या मध्ये एक गाभा, मागच्या बाजूनं लोखंडी आडपट्टीनं धरलेला. माती त्या आडपट्टीपाशी दुभंगते आणि पुढे, तोंडातून बाहेर पडण्याआधी, दाबानं पुन्हा सांधली जाते. हा सांधा कच्चा राहिला तर नळ भट्टीत उभा चिरतो. म्हणून आडपट्टी आणि तोंड यांच्यात पुरेसं अंतर ठेवणं, हे त्या काळच्या कारागिरांनी नळ फोडून फोडून शिकलेलं शास्त्र होतं. पेटी रिकामी झाली की दट्ट्या मागे घेऊन ती पुन्हा भरायची. त्यात वेळ जाई, म्हणून काहींनी दोन्ही बाजूंना पेट्या लावल्या, एक भरेपर्यंत दुसरी चालू. काही यंत्रांत नळाची पाटी काढून जाळी बसवता येई आणि मातीतले खडे गाळून घेता येत. खडा तारेखाली आला की कापलेला काठ फाटतो, त्यामुळे हे गाळणं फार मोलाचं होतं.

नळाची पाटी बदलून चौकोनी पाटी लावली की याच यंत्रातून विटा निघत, पोकळसुद्धा. कर गेल्यानंतरच्या वर्षी, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात, हेन्री रॉबर्ट्स यानं प्रिन्स अल्बर्टच्या पुढाकारानं कामकरी कुटुंबांसाठी नमुन्याची घरं उभी केली, ती पोकळ विटांची. तारेनं कापलेली वीट आज जगभर विजेच्या यंत्रांतून निघते. तिचा वंश शेताखालच्या नळापर्यंत जातो, हे विटांवर लिहिणारे फारसे सांगत नाहीत. या पुस्तकात त्या यंत्रांना सगळ्यांत लांब प्रकरण मिळालं आहे ते याच कारणानं.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या तोंडाशी तिसरं उत्तर आलं. हार्मन पामर यानं १९०० साली काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांसाठी ओतीव लोखंडाचं हातयंत्र पेटंट केलं. त्यात ठोकळा साच्यातून काढत नाहीत, साचाच ठोकळ्यापासून दूर होतो : तरफेनं बाजू मोकळ्या होतात, मधले गाभे निघतात, आणि ठोकळा पाटीवर जागच्या जागी उभा राहतो. पाटीसकट उचलून नेला की झालं. सीअर्स, रोबक ही डाकेनं माल विकणारी कंपनी अशी यंत्रं आपल्या सूचिपत्रातून शेतकऱ्यांना विकत असे, आणि दर्शनी बाजूला खडबडीत दगडाचा भास देणारी पाटीही त्यात मिळे. घरमालकानं आपल्याच अंगणात आपल्या घराचे ठोकळे पाडावेत, ही कल्पना तिथे सर्रास रुजली.

हीच कल्पना मातीच्या ठोकळ्यांच्या बाबतीत त्याहून जुनी आहे. लायनचा फ्रान्स्वा क्वांत्रो (१७४०–१८३०) हा कुटलेल्या मातीच्या भिंतींचा आयुष्यभर प्रचार करणारा बांधकामतज्ज्ञ. द्राक्षं पिळायच्या दाबयंत्रात बदल करून त्यानं न भाजलेल्या मातीचे ठोकळे दाबायचं यंत्र बनवलं. पण या वाटेवरचं सगळ्यांत महत्त्वाचं यंत्र १९५० च्या दशकात बोगोटामध्ये, आंतरअमेरिकी गृहनिर्माण केंद्रात तयार झालं. राऊल रामिरेझ या चिलीच्या इंजिनिअरनं ते रचलं, आणि केंद्राच्या आद्याक्षरांना रामिरेझच्या नावाची सुरुवात जोडून त्याला सिन्व्हा-रॅम म्हणतात. वजन साठ-पासष्ट किलो, म्हणजे दोघांनी उचलून नेण्याजोगं. ठोकळा साधारण २९ × १४ × ९ सेंटिमीटरचा. दोनतीन माणसं दिवसाला तीनशे ते पाचशे ठोकळे काढतात.

त्याची चाल नीट पाहण्यासारखी आहे. पोलादी पेटी, तिचं झाकण आडवं फिरून बाजूला होणारं, तळाशी वर-खाली होणारा दट्ट्या. दमट माती भरायची, झाकण फिरवून बंद करायचं, लांब दांडा उभा करून झाकणावर अडकवायचा आणि एका बाजूला खाली ओढायचा. दांडा ओढायला लागलं की दट्ट्या आधी भरभर वर येतो; दांडा आडवा होत जातो तसा तो कमी कमी सरकतो आणि जोर वाढत जातो. सैल मातीला सुरुवातीला जोर लागत नाही, फक्त सरकणं लागतं. जोर लागतो तो अगदी शेवटी. तरफेचे सांधे मातीच्या या स्वभावाप्रमाणे बसवलेले आहेत. दर चौरस सेंटिमीटरला वीस किलोच्या आसपास दाब पडतो; सगळ्या ठोकळ्यावर मिळून तो आठ टनांपर्यंत जातो, आणि हे दांड्याला लोंबकळणाऱ्या एकदोन माणसांच्या वजनावर. मग झाकण उघडायचं आणि तोच दांडा उलट बाजूला ओढायचा. तोच दट्ट्या ठोकळ्याला पेटीच्या काठापर्यंत वर आणून ठेवतो. दाबायला आणि सोडवायला एकच दट्ट्या, एकच दांडा, फक्त दिशा वेगळी. हातयंत्रांच्या सगळ्या इतिहासात मला याहून सुटसुटीत रचना दिसलेली नाही.

पण हे यंत्र चालवणाऱ्याची परीक्षा मातीपाशी होते. मूठभर दमट मातीचा लाडू वळून खांद्याच्या उंचीवरून टणक जमिनीवर सोडायचा. चपटा होऊन चिकटला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी, चारपाच ढेकळं झाली तर माती तयार. साठ सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटर रुंद आणि तेवढ्याच खोल पेटीत ओली माती भरून सुकवायची, सुकलेली पट्टी एका टोकाला सरकवायची आणि मोकळी राहिलेली जागा मोजायची. त्यावरून किती रेती आणि किती सिमेंट लागेल ते कळतं. आपली काळी माती या पेटीत सपशेल नापास होते. पाण्यानं फुगणारी, वाळताना भेगाळणारी ही माती नुसत्या सिमेंटला दाद देत नाही, तिला चुना आणि बरीच रेती लागते. कोकणातली जांभ्याची तांबडी माती मात्र या कामाला उत्तम. ठोकळा निघाल्यावर तीनचार आठवडे ओलावा राखावा लागतो. तो भाजायचा नसतो. लाकूड, कोळसा, बगॅस यांचा खर्चच नाही.

भारतात या यंत्राचा विचार सगळ्यांत कसोशीनं झाला तो बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकारानं १९७४ मध्ये तिथे 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट सुरू झाला, आणि के. एस. जगदीश व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अस्त्रम' हे हातयंत्र बनवलं. त्यांनी धरलेला मुद्दा असा. दट्ट्याचा प्रवास ठरलेला असतो, म्हणून ठोकळ्याचं आकारमानही ठरलेलं. मग त्याची घनता ठरते ती पेटीत किती माती पडली यावर. कमी पडली तर दांडा सहज आडवा होतो, चालवणारा खूश होतो, ठोकळा मात्र भुसभुशीत निघतो. जास्त पडली तर दांडा आडवा होतच नाही. म्हणून दर वेळी माती तोलून भरायची. एक साधा तराजू यंत्राशेजारी ठेवल्यानं ठोकळ्यांचा दर्जा जितका सुधारतो, तितका दांडा लांब करून सुधारत नाही. ओरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटनं पुढे 'ऑरम' हे यंत्र विकसित केलं आणि वेगवेगळ्या आकारांचे ठोकळे एकाच यंत्रावर काढायची सोय केली. मातीच्या ठोकळ्यांसाठी भारतीय मानकही आहे, आयएस १७२५.

यंत्रांचे दोषही या पुस्तकात झाकलेले नाहीत. एकाच बाजूनं दाबलं की पेटीच्या भिंतींच्या घर्षणामुळे दाब दुसऱ्या टोकापर्यंत पुरता पोचत नाही आणि दट्ट्यापासून लांबची कड ठिसूळ राहते. दट्ट्याचा पृष्ठभाग सपाट आणि माती ओली असेल तर दोन्हींमध्ये हवा शिरत नाही, आणि दट्ट्या मागे घेताना विटेची साल निघते. दांडा घाईनं ओढला की हवा आत कोंडते, ठोकळ्याला आडवे पापुद्रे पडतात. रेतीनं पेटीच्या भिंती झिजतात. मधोमध जास्त झिजल्या की ठोकळा पोटाशी फुगीर होतो आणि वर येताना अडतो. झिजणारे पत्रे बदलता येतील अशी रचना ज्यांनी केली, त्यांची यंत्रं टिकली. बाकीची भंगारात गेली.

एक प्रश्न उरतो, आणि तो टाळून ही प्रस्तावना संपवणं योग्य होणार नाही. विल्यम बुल यानं १८७६ साली खंदकाच्या भट्टीचं पेटंट घेतलं आणि उत्तर भारतात विटा भाजण्याची रीत बदलली. भाजणं बदललं, पाडणं नाही. आजही देशातल्या बहुतांश विटा हातानंच पडतात. सांगितलं जाणारं कारण म्हणजे यंत्र महाग. मला ते अर्धंच खरं वाटतं. उचलीनं बांधलेल्या माणसांचे श्रम इतके स्वस्त मिळतात की यंत्राचा हिशेबच कुणी मांडत नाही. त्या हिशेबात पाठ, गुडघे आणि मुलांची शाळा धरली जात नाही. शिवाय भट्टी हंगामी, जागा भाड्याची, माती दर दोनतीन वर्षांनी वेगळी. अशा ठिकाणी चालेल असं यंत्र हलकं, गावातल्या लोहाराला दुरुस्त करता येणारं आणि ओल्या गाऱ्यावर चालणारं हवं. ते अजून झालेलं नाही. दमट मातीची उत्तम हातयंत्रं आहेत, घट्ट मातीची आहेत. मऊ गाऱ्यातून वीट उभ्यानं, पाठ न वाकवता सोडवून देणारं स्वस्त हातयंत्र हे आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांपुढचं शिल्लक राहिलेलं काम आहे. ते करायला बसणाऱ्यानं आधी काही दिवस भट्टीवर जाऊन पाडणाऱ्याचं मनगट पाहावं, ही माझी कळकळीची विनंती.

हे पुस्तक लिहिताना सगळ्यांत जास्त अडचण झाली ती यंत्रांच्या मापांची. पेटंटमध्ये चित्र असतं, माप नसतं. जाहिरातीत दर असतो, झीज नसते. आपल्याकडे ग्रामीण घरबांधणीच्या निरनिराळ्या योजनांतून अशी यंत्रं गावोगाव पोचली, आणि पुष्कळ ठिकाणी ती शेडच्या मागे गंजत पडली आहेत. त्यांच्या रचनेत स्थानिक कारागिरांनी केलेले बदल कुठेच लिहिलेले नाहीत. वाचकांपैकी कुणाच्या गावात, शाळेत, जुन्या वर्कशॉपमध्ये असं एखादं यंत्र असेल, तर ते मोडीत घालण्याआधी पेटीची आतली मापं, दट्ट्याचा प्रवास, दांड्याची लांबी आणि सांध्यांमधली अंतरं एका कागदावर उतरवून घ्या, आणि ते यंत्र ज्यांनी चालवलं त्यांच्याकडून ठोकळा कसा सुटायचा, कुठे अडायचा, ते विचारून लिहून ठेवा.